आवड कुणाच्या हातात?
कोल्हापूरच्या ऐकण्याच्या सवयींची एक उजळणी

‘तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?’ या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असतं. त्याला जोडून दुसरा प्रश्न विचारला की माणसं थोडी थांबतात : ‘ते तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा ते लावलं कुणी होतं?’ उत्तर आठवलंच, तर त्यात ‘मी’ क्वचित असतो. वडिलांनी लावलेला रेडिओ, शेजारच्या माडीवरचा ग्रामोफोन, लग्नाच्या मांडवातला कर्णा, कोपऱ्यावरच्या हॉटेलातली कॅसेट, एसटीच्या ड्रायव्हरच्या डोक्याजवळचा टेप. आपण जिला ‘माझी आवड’ म्हणतो, तिची सुरुवात बहुतेक वेळा दुसऱ्याच्या आवडीतून झालेली असते.

संगीताचा इतिहास आपल्याकडे गाणाऱ्यांचा लिहिला जातो. घराणी, गुरू-शिष्य, बंदिशी, नाटकं, चित्रपट यांवर ग्रंथ आहेत. ऐकणारा मात्र त्यांत ‘रसिक प्रेक्षक’ या दोन शब्दांत उरकला जातो. तो काय ऐकत होता, कुठे बसून, कुणाच्या परवानगीनं, दिवसातून किती वेळा, हे फारसं नोंदलं गेलेलं नाही. या लेखात कोल्हापूर परिसर डोळ्यांसमोर ठेवून ऐकणाऱ्याचा हा इतिहास मांडायचा प्रयत्न आहे. त्यातला मुख्य प्रश्न एकच : गाणं निवडण्याचा अधिकार कुणाच्या हातात होता, आणि तो हात बदलत गेला तसं ऐकण्याचं काय झालं?

बैठक आणि ‘वन्स मोअर’

यंत्र येण्यापूर्वी गाणं ऐकायचं तर गाणारं माणूस समोर असावं लागे. त्यामुळे निवडीचा अधिकार त्या माणसाला पोसणाऱ्याकडे असे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९५च्या सुमारास, अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारात आले आणि १९२२मध्ये महाराजांचं निधन होईपर्यंत ते इथं राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याची अवघड, वळणावळणाची गायकी आणि अनवट राग यांची या गावाला सवय झाली ती त्या काळात. आज ‘कोल्हापूर ही कलानगरी’ असं आपण अभिमानानं म्हणतो. पण ही गायकी गावानं मत देऊन निवडलेली नव्हती. एका राजानं ती निवडली, आणि तिच्या आसपास वावरणाऱ्यांचे कान हळूहळू तयार झाले. पुढे गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थेनं ती सवय टिकवली.

त्या बैठकी सगळ्यांसाठी खुल्या नव्हत्या, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. जात, पैसा आणि बाईपण या तीन उंबरठ्यांपैकी एखादा आडवा येईच. ज्या बायका गात होत्या त्यांना बैठकीत स्थान होतं. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांना ऐकायलाही बहुतेक जागा नव्हती.

संगीत नाटकानं हे चित्र बरंच मोकळं केलं. तिकीट काढलं की गाणं ऐकण्याचा हक्क मिळे, आणि त्याबरोबर आणखी एक मोठा हक्क : ‘वन्स मोअर’. आवडलेलं पद पुन्हा ऐकायचं तर ओरडून मागायचं. नाटकं रात्र-रात्र चालत त्याचं एक कारण ही मागणीच होती. १९११च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे, आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसलेही इथलेच. जुलै १९२१मध्ये केशवराव आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, तेव्हा प्रेक्षक दोन मोठ्या गळ्यांतली आपली आवड पडताळायलाच जमले होते. १९१५मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभ्या राहिलेल्या ज्या वास्तूला पुढे केशवरावांचं नाव मिळालं, ती ऑगस्ट २०२४मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आगीत सापडली. गावाला एवढी हळहळ का वाटली? तिथं गाजलेल्या कलाकारांमुळे तर खरंच, पण तिथं अनेक पिढ्यांनी एकत्र बसून ऐकलं होतं म्हणूनही.

‘वन्स मोअर’चं वैशिष्ट्य असं की तो एकट्याचा चालत नसे. एकानं हाक दिली आणि बाकीचे गप्प राहिले, तर पद पुढे सरके. म्हणजे माझी आवड पुरी व्हायची असेल तर ती आणखी शंभरजणांची असावी लागे. आजचं मोबाइलवरचं ‘रिपीट’चं बटण हे त्याच इच्छेचं आजचं रूप आहे; फक्त त्याला दुसऱ्या कुणाची संमती लागत नाही.

गाणारी बाई ऐकणारी झाली

दरबार आणि नाट्यगृह यांच्या बाहेर एक फार मोठं संगीत होतं. त्यात ऐकणारा आणि गाणारा वेगळे नव्हते. पहाटे जात्यावर बसणारी बाई ओवी गाई ती श्रोत्यांसाठी नव्हे. हात चालावा, झोप उडावी, माहेर आठवावं, मनातलं सासरच्या कानांवर न पडता बोललं जावं, यासाठी. जात्याच्या घरघरीत तिचे शब्द झाकले जात आणि तेच तिला हवं असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. हा साठा किती प्रचंड आहे ते पाहिलं, की लिहिता न येणाऱ्या बायकांनी किती मोठं काव्य रोजच्या पिठाबरोबर दळलं याची कल्पना येते.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांच्या मनगटाचे आणि पाठीचे कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळण्याचं काही कारण नाही. पण त्या पहाटेच्या तासाभरात तिचा जो स्वतःचा आवाज होता, तो गेला. थोड्याच वर्षांत त्या रिकाम्या पहाटेत रेडिओवरची भक्तिगीतं आली. गाणारी बाई ऐकणारी झाली. पूर्वी ती काय गायची हे ती ठरवत होती. आता ती काय ऐकणार हे दुसरं कुणीतरी ठरवू लागलं. आपल्या ऐकण्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, असं मला वाटतं. त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे.

तीन मिनिटांचा राग

ग्रामोफोन कंपनीनं १९०२मध्ये कलकत्त्यात भारतीय गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. तासभर उलगडणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, तर आलापी गाळून थेट बंदिशीवर यावं लागे. अल्लादियाखाँसाहेबांनी आपलं गाणं तबकडीवर दिलंच नाही. त्यामुळे ज्या गायकीनं या गावाचे कान घडवले ती तिच्या मूळ आवाजात आज ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र तबकड्या दिल्या. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या आवाजांची जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात त्यांची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. शिकण्यासाठी लहानपणी काही महिने कोल्हापुरात राहिलेल्या गायिकेचा तो आवाज आता आंतरतारकीय अवकाशात आहे.

तबकडीनं ऐकणाऱ्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, गाणं म्हणजे तीन मिनिटांचं असतं. चित्रपटगीत, भावगीत यांची लांबी त्या मापातच घडली. तबकडी गेली तरी माप राहिलं. दुसरी, तेच गाणं तसंच्या तसं पुन्हा ऐकता येतं. मैफलीतला यमन दर वेळी वेगळा असतो. तबकडीवरचा प्रत्येक वेळी तोच. ‘मूळ गाण्यात अशी जागा नाही’ अशी तक्रार करणारा श्रोता जन्मला तो तबकडीमुळे.

बटण कुणाच्या हातात?

रेडिओ आल्यावर निवडीचा अधिकार घरात आला असं वाटतं. प्रत्यक्षात तो दोन ठिकाणी अडलेला होता : दिल्लीत आणि दिवाणखान्यात.

दिल्लीचं पाहू. आकाशवाणीनं १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिच्या ठरीव स्वरांतून श्रुती आणि मींड निघत नाही असं जाणकारांचं मत होतं. ही बंदी १९७१मध्ये सैल झाली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाच्या गावात, जिथं भजनी मंडळापासून नाटक मंडळीपर्यंत पेटीवाचून पान हलत नसे, तिथल्या लोकांना रेडिओवर मात्र तीस वर्षं पेटी ऐकू येत नव्हती. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. लोकांची अभिरुची सुधारावी हा हेतू होता. लोकांनी काटा फिरवला आणि लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिची झाली. अखेर ऑक्टोबर १९५७मध्ये आकाशवाणीनं ‘विविध भारती’ सुरू केली. आवड वरून लादता येत नाही, हे सरकारला पाच वर्षांत कळलं.

पण ‘वरून’ आलेलं सगळंच लोकांनी नाकारलं असंही नाही. एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या काळात पुणे केंद्रानं ‘गीतरामायण’ प्रसारित केलं. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीतं, संगीत कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक नवं गाणं. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजारी जात. हे गाणं कुणी मागितलेलं नव्हतं. मागणी असते ती ठाऊक असलेल्या गोष्टीची. न मागितलेलं, पण आठवडाभर वाट पाहायला लावणारं असं काही मिळणं, ही आवड वाढण्याची फार जुनी आणि फार खात्रीची रीत आहे.

आता दिवाणखान्याचं. ‘तुमच्या घरी रेडिओचं बटण कुणाच्या हातात असे?’ हा प्रश्न मी ओळखीच्या अनेक घरांत विचारत आलो आहे. उत्तरं बहुधा एकाच वळणाची असतात. बातम्यांच्या वेळी आजोबा किंवा वडील. दुपारी घर रिकामं झालं की आई. संध्याकाळी भाऊ. सुनेचा नंबर फार उशिरा. रेडिओ फडताळावर उंच ठेवलेला असे. लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून, असं सांगत. पण तो उंचावर असल्यानं आणखी कुणाकुणाचा हात पोचत नव्हता, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

म्हणून ‘आपली आवड’ या कार्यक्रमाचं मोल मला मोठं वाटतं. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवरून तो लागे. १९६३मध्ये सांगली केंद्र सुरू झाल्यावर आपल्या भागाचा आवाजही जवळ आला. पत्र पाठवायचं, गाणं सांगायचं, आणि निवेदक नाव व गाव वाचून दाखवणार. घरात बटणाला हात लावता न येणारी मुलगी पोस्टकार्डावर आपली आवड लिहू शकत होती. गाणं लागलं की ते तिच्या एकटीचं नसे. जिल्हाभर ऐकू जाई. आवड खाजगी होती, तिचा उच्चार सार्वजनिक होता. ‘वन्स मोअर’ची परंपरा पोस्टाच्या मार्गानं अशी चालू राहिली.

हात गुंतलेले, कान मोकळे

रोजचं ऐकणं समजून घ्यायचं तर रोजचं काम पाहावं लागतं. ज्या कामात हात आणि डोळे गुंततात पण कान मोकळा राहतो, तिथं रेडिओ सर्वांत जास्त रुजला. गुजरीतला सोनार, हुपरीचा चांदी कारागीर, कोल्हापुरी चपलेची वादी विणणारी बाई, शिंप्याचं दुकान, केशकर्तनालय. अशा ठिकाणी गाणं कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. ते दिवसाला लय देतं. कोणतं गाणं लागलं यावरून किती वाजले हे कळतं.

कॅसेट आली आणि ही कामाची जागा बदलली. १९८०नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि जे आवाज आकाशवाणीच्या चाळणीतून कमी येत होते, ते बाजारात आले : प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, जोतिबाची गाणी, लावण्या, पोवाडे. कॅसेट काढायला भांडवल थोडं लागे, त्यामुळे लहान गटाची आवडही विकण्याजोगी झाली. ज्या वस्त्यांचं संगीत बैठकीत नव्हतं आणि रेडिओवरही मोजकंच होतं, त्यांना पहिल्यांदा स्वतःचं गाणं स्वतःच्या दारात, हव्या त्या आवाजात लावता आलं. आवडीच्या इतिहासात याला न्याय म्हणावं लागेल. उसाच्या हंगामात साखर कारखान्याकडे डुलत जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचे कर्णे रस्त्यावरच्या माणसाला नकोसे होतात. पण रात्रभर जागून दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ड्रायव्हरला ते गाणं जागं ठेवतं. जात्यावरच्या ओवीचंही पहिलं काम तेच होतं.

आवड बनते कशी?

मानसशास्त्रानं या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. त्यासाठी ती समजावी लागते असंही नाही. दरबाराच्या आसपास वावरणाऱ्या कानांना अनवट राग का आवडू लागले, याचं निम्मं उत्तर इथं आहे. होल्ब्रुक आणि शिंडलर यांनी १९८९मध्ये अमेरिकी श्रोत्यांचा अभ्यास केला, तेव्हा माणसाला साधारण तेवीस-चोविसाव्या वर्षाच्या आसपास गाजलेली गाणी आयुष्यभर सर्वाधिक आवडतात असं दिसलं. ‘आमच्या वेळची गाणी’ हे वाक्य प्रत्येक पिढी का म्हणते, ते यावरून उमगतं. ती गाणी श्रेष्ठ असतीलही; पण आपण तेव्हा तरुण होतो, हे कारण अधिक बळकट आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी आणखी टोचणारी गोष्ट सांगितली. साठच्या दशकात बाराशेहून अधिक लोकांची पाहणी करून १९७९च्या ग्रंथात त्यांनी दाखवलं, की संगीताची आवड माणसाच्या वर्गाशी आणि शिक्षणाशी जोडलेली असते, आणि माणसं आवडीचा वापर इतरांपासून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी करतात. ‘आम्ही शास्त्रीयच ऐकतो’ या वाक्यात ‘च’ कशासाठी येतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

भिंत आणि कुपी

आज गावात ऐकण्याची दोन टोकं दिसतात. पहिलं टोक गणेश विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर. स्पीकरच्या भिंतीला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो. गंमत अशी की रे डॉल्बी या अभियंत्यानं १९६५मध्ये आपली कंपनी काढली ती टेपवरची खरखर, म्हणजे नको असलेला आवाज, कमी करण्याचं तंत्र घेऊन. आपल्या बोलीत त्या नावाचा अर्थ नेमका उलटा झाला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं : दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणून ५५ च्या जागी ९५ म्हणजे दुप्पट नव्हे, दहा हजारपट.

दुसरं टोक इअरफोनचं. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या खडखडाटात रेडिओ ऐकू येणं शक्य नव्हतं. आता तिथला कामगारही कानात बोंडं घालून आपलं गाणं ऐकतो. त्यात धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा चार तासांवर येते. बाहेरचा गोंगाट बुडवण्यासाठी आतला आवाज वाढवला, की ही चार तासांची शिधा पहिल्याच पाळीत संपते.

भिंत आणि कुपी ही विरुद्ध टोकं वाटतात, पण दोन्हींत एक साम्य आहे. भिंतीसमोर माझी आवड उरत नाही. कुपीत दुसऱ्याची शिरत नाही. दोन्हीकडे देवाणघेवाण बंद. मोबाइलवरचं ॲप पुढचं गाणं सुचवतं तेही आपण आधी काय ऐकलं आणि आपल्यासारखं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं यावरून. म्हणजे ज्यांचं आपल्याशी पटतं अशाच अनोळखी माणसांच्या बैठकीत ते आपल्याला बसवतं. न पटणारा आजोबा, वेगळ्या वस्तीतला शेजारी, न मागता लागलेलं गाणं, हे सगळं त्या बैठकीबाहेर राहतं.

तरीही इअरफोनला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. फडताळावरच्या रेडिओपर्यंत जिचा हात पोचत नव्हता, तिला भाकऱ्या करताना स्वतःचं गाणं ऐकता येऊ लागलं ते या यंत्रामुळेच. जात्यासोबत गेलेली तिची ती एकटीची पहाट तिला काही अंशी परत मिळाली आहे. एकत्र ऐकण्याच्या जुन्या दिवसांबद्दल हळहळताना, त्या एकत्र बसलेल्यांत कुणाचं ऐकलं जात होतं हे विसरून चालत नाही.

दरबारापासून मोबाइलपर्यंतच्या या प्रवासात निवडीचा अधिकार राजाकडून प्रेक्षकांकडे, प्रेक्षकांकडून घरातल्या कर्त्याकडे आणि कर्त्याकडून प्रत्येकाकडे आला. ही वाटणी न्याय्य आहे आणि ती परत घेऊ नये. पण प्रत्येक वाटणीबरोबर एकत्र ऐकणाऱ्यांची संख्या घटत गेली, आणि न निवडलेलं ऐकण्याचा योगही. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी, गीतरामायण, शेजारच्या गल्लीतलं भीमगीत, यांतलं काहीच आपल्या पूर्वजांनी यादीतून निवडलेलं नव्हतं. ते कानावर पडलं, आधी परकं वाटलं, मग आपलं झालं.

यावर उपाय मोठा नाही. घरात प्रत्येकाच्या हातात आता बटण आहे. आठवड्यातून एकदा ते दुसऱ्याच्या हातात द्यावं. नातीनं लावलेलं गाणं आजीनं पूर्ण ऐकावं आणि आजीनं सांगितलेलं नातीनं, मध्येच पुढे न सरकवता. देवल क्लबच्या एखाद्या बैठकीला राग ओळखता येत नसतानाही जाऊन बसावं. आणि घरात जात्यावरची ओवी आठवणारी कुणी उरली असेल, तर तिला काय आवडतं हे विचारण्याआधी ती काय गात होती ते विचारून घ्यावं. त्या उत्तरासाठी आपल्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत.